पाटीवरचं ‘पिढीजात’

आमच्या गल्लीत कपड्याला भोक पडलं की लोक रफूताईकडे धाव घेतात. दोन इमारतींच्या मध्ये कशीबशी बसवलेली तिची खोली आहे. खिडकीशी टेबल, टेबलावर मान वाकवलेला दिवा, गिऱ्हाइकांसाठी एक बाक आणि दोरीवर खांदे पाडून लटकलेले कोट. दारावर पाटी : ‘पिढीजात रफूकाम’. पाटी तिच्या आजोबांच्या वेळची. रंगाचे पोपडे इतके उडाले होते की गेल्या महिन्यात तिनं रंगारी बोलावलाच.

रंगाऱ्यानं विचारलं, “ताई, होतं तसंच लिहू ना?”

“नुसतं रफूकाम लिहा,” ती म्हणाली. “पहिला शब्द नको.”

“पाटी मोकळी मोकळी दिसेल.”

“दिसू दे. अक्षरं मोठी काढा.”

तो शब्द आपला नाही, असं तिनं फार पूर्वीच मनाशी धरलं होतं. ती या घरात आली तीच आईचं बोट धरून, सहा वर्षांची. रफू करणाऱ्या त्या अबोल माणसाशी आईनं दुसरं लग्न केलं होतं. तो तिला म्हणाला, “मला काका म्हण. नाही आवडलं तर काहीच म्हणू नकोस.” तिनं दुसरा पर्याय निवडला. मग एका दुपारी शाळेतून येऊन दुकानाच्या दारातच ती म्हणाली, “बाबा, भूक लागली.” त्याच्या बोटात सुई घुसली. तेवढाच काय तो समारंभ.

पुढे ती त्याच्याशेजारी स्टूल ओढून बसू लागली. कोटाच्या आतल्या दुमडीतून त्याच कापडाचे धागे कसे सोडवायचे, भोकावर आधी उभे धागे ताणून मग आडवे कसे विणायचे, हे त्यानं तिला शिकवलं म्हणण्यापेक्षा ती बघत राहिली आणि तिला यायला लागलं. एकदा घरच्या जेवणावळीत कुणीतरी कौतुकानं म्हणालं, “पोरीचा हात अगदी बापावर गेलाय.” त्यावर आत्या, म्हणजे बाबांची धाकटी बहीण, सहज बोलून गेली, “असं कसं होईल? पिढीजात म्हणजे रक्तातून आलेलं. ही आपली शिकली, हुशार आहे.” तिच्या बोलण्यात विष नव्हतं, म्हणूनच ते जास्त लागलं.  दुसऱ्या दिवशी बाबांनी सगळ्यात अवघड कोट तिच्यापुढे टाकला. तिनं तो केला, पण आत्याचं वाक्य काही मनातून गेलं नाही.

बाबांना जाऊन आता वर्ष होत आलंय. रंगारी शिडीवर होता त्याच सकाळी आत्या दुकानात आली, हातात लोकरीचा कोट घेऊन. ती घरी यायची, पण दुकानाची पायरी कित्येक वर्षांत चढली नव्हती.

“कसर लागली गं. दादा असता तर त्याच्याकडेच टाकला असता.” मग जीभ चावून म्हणाली, “तुला जमेल ना?”

“बस आत्या. बघूनच जा.”

आत्या बाकावर टेकली. रफूताईनं कोट उलटा केला, धागे सोडवले, दिवा खाली ओढला आणि कामाला लागली. बराच वेळ आत्या दादाच्या आठवणी सांगत होती. मधेच ती पुढे वाकली.

“ती करंगळी अशी का धरतेस?”

रफूताईनं हाताकडे पाहिलं. सुई धरलेल्या हाताची करंगळी काडीसारखी ताठ बाहेर आली होती. “अशीच धरतात ना? बाबाही अशीच धरायचे.”

“वाकव बघू.”

तिनं वाकवली. पुढचा टाका तिरका गेला. “नाही जमत. हातच हलतो.”

आत्या हसायला लागली. हसता हसता तिनं पदर डोळ्यांना लावला. “अगं वेडे, आमच्या बाबांची, म्हणजे तुझ्या आजोबांची करंगळी तरुणपणी लोखंडी दारात चेंगरली होती. वाकायचीच नाही. दादाचं बोट धडधाकट, पण हा शेजारी बसून बघून बघून तसाच काम करायला लागला. बाबा फटका मारायचे त्या करंगळीवर. म्हणायचे, माझी मेली आहे, तुझीला काय झालंय?”

“मग सुटली नाही सवय?”

“कसली सुटतेय. आणि आता तू.” आत्यानं तिचा हात उचलून ती करंगळी दोन बोटांत धरली, लहान मुलाचं बोट धरावं तशी. “रक्तातून हे दादालाही नव्हतं आलं. बसून बसून आलं. मी किती मोठ्या तोंडानं बोलले होते गं त्या दिवशी. आठवतंय तुला?”

“नाही,” रफूताई खोटं बोलली.

“आठवतंय. तुझं तोंड सांगतंय.”

शिडीवरून रंगाऱ्यानं हाक दिली, “ताई, रफूकाम झालं लिहून. बघून घ्या.”

आत्याच उठून बाहेर गेली. “पहिला शब्द कुठाय?”

“ताई नको म्हणाल्या.”

“ताईला काय कळतंय. लिही, पिढीजात.”

“आजी, आता जागा कुठाय? अक्षरं मोठी काढलीत.”

“बसव कोपऱ्यात. माणसं नाही का बसत बाकावर सरकून?”

रफूताई दारात आली. रंगारी तिच्याकडे बघत होता, ब्रश तसाच वर धरून. तिनं मान डोलावली आणि आत जाऊन पुन्हा सुई उचलली.

आता पाटीवर ‘रफूकाम’ भलं मोठं आहे, आणि त्याच्या डाव्या खांद्याशी, अंग चोरून, बारीक अक्षरांत ‘पिढीजात’. गिऱ्हाइकं विचारतात, हे असं कसं लिहिलंय. ती म्हणते, “शब्द मागाहून आला. पण आला.”