शकीलची नियमवही

शकील गेल्याचा फोन त्याच्या बायकोनं, नसीमभाभींनी केला, तेव्हा त्याच्याच नियमांची मराठी मी तपासत बसलो होतो. "सर, ते गेले," एवढंच त्या म्हणाल्या. मी पेन खाली ठेवलं. त्याला आता सात आठवडे झाले.

मलकापुरात शकीलचं संगणक दुरुस्तीचं दुकान होतं आणि मी महाविद्यालयाच्या ग्रंथालयात. गुलाबी बोंडअळीनं बीटी बियाण्यावरचा भरवसा मोडला, त्या हंगामात आम्ही दोघांनी कपाशीवाल्यांसाठी एक पत्रक सुरू केलं. गावोगावचे लोक मोबाइलवरून निरोप पाठवत: सापळ्यात किती पतंग सापडले, किती बोंडं किडली. शब्दाच्या दोन्ही बाजूंना चांदणी (*) टाकली की तो शब्द ठळक छापला जाई, ओळीच्या आरंभी आडवी रेघ दिली की यादी होई. निरोपांचं पान करणारा प्रोग्राम शकीलनं लिहिला होता.

दुसऱ्या वर्षी, पेरणीच्या तोंडावर, धामणगाव बढ्याहून जनाबाईंचा फोन आला. त्या स्वतः कपाशी करायच्या. "काऊन रे शकील, एक्केचाळीस फुटावर सरकी लावू काय? मधात पोरीच्या लग्नाचा मांडव टाकता येते मंग!" आम्ही मूळ निरोप काढून पाहिला. 'कोरडवाहूला ४*१, ओलिताला ५*१.' चार फूट बाय एक फूट, पाच बाय एक. मोबाइलवर गुणिलेची खूण पटकन सापडत नाही, म्हणून सगळे चांदणीच टाकतात. प्रोग्रामला मात्र त्या दोन चांदण्या ठळक अक्षरांची जोडी वाटल्या. त्यानं दोन्ही गिळल्या आणि छापलं, '४१' आणि '५१'.

मी म्हटलं, लोकांना सांगू, चांदणी टाकू नका. शकील चिडला. "लोकायनं काऊन बदलावं, सर? त्यायनं बराबरच लेहलं. वाचनारा चुकला. अन् तो वाचनारा मी बनवला."

तो घोळ त्यानं घटकाभरात निस्तरला. पण एका मित्रानं फोनसाठी केलेला प्रोग्राम तोच निरोप वेगळा वाचायचा, तेव्हा शकीलनं ठरवलं की आधी नियम लिहायचे. ओळ कशाची बनते, तिचे तुकडे कसे पडतात, कोणती खूण कुठे सुरू होते आणि कुठे संपते... प्रोग्राम कोणाचाही असो, एका ओळीचं एकच वाचन निघालं पाहिजे. प्रत्येक नियमाखाली उदाहरण: डावीकडे आलेला निरोप, उजवीकडे तो कसा छापायचा ते. पहिलाच नियम असा, की दोन आकड्यांमधली चांदणी चांदणीच राहील. "मले फोन करून इचारावं लागलं, तं समजा नियम कच्चा हाय," तो म्हणायचा.

मूत्रपिंडं निकामी झाल्यावरही अकोल्याहून डायलिसिस करून आला की तो वही उघडायचा. मी आराम कर म्हणालो. "आराम हायेच ना समोर, सर. मोप हाय," म्हणाला आणि हसत पुढचं उदाहरण लिहू लागला.

तो गेल्यावर मी वही उंद्रीच्या प्रज्ञाकडे दिली. तिची संगणकाची पदवी नुकतीच झालेली, शकीलला तिनं कधी पाहिलेलंही नव्हतं. नुसते नियम वाचून तिनं नवा प्रोग्राम लिहिला. सगळी उदाहरणं जुळली, एक सोडून. "सर, इथं उजवीकडे काहीच लेहेल नाही. काय यायला पायजे?" डावीकडे होतं, '*फवारणी थांबवा'. चांदणी सुरू झालेली, पण बंद न झालेली. शकील विचारात थांबला होता की थकला होता, कोण जाणे.

मी चार दिवस घेतले. चांदणी पुसली, तर कोणीतरी लिहिलेलं आपण गाळलं. पुढचं सगळं ठळक केलं, तर लिहिणाऱ्यानं न सांगितलेलं आपण जोडलं. शेवटी नियम लिहिला: बंद न झालेली खूण जशी आली तशीच छापावी. मग उजवीकडची रिकामी जागा भरली. दुसऱ्या दिवशी प्रज्ञाचा निरोप आला, "जुळलं." या हंगामाचं पत्रक तिच्याच प्रोग्रामवर निघालं.

वही आता दुकानात, त्याच्या टेबलावर असते. त्या पानावर डावीकडे त्याचं अक्षर आहे, उजवीकडे माझं. शब्द तेच.