निरंक नोंदवही

आमच्या कार्यालयाच्या तिसऱ्या मजल्यावर, जिन्याच्या वळणाशी मावशींचं स्टूल असायचं. मावशी म्हणजे आमच्या शिपाई. बावीस वर्षं त्या तिथे बसल्या. जन्मात सिगारेट हातात धरली नाही, तरी दमा जडला, कारण साहेबांपासून कारकुनांपर्यंत सगळे धूर सोडायला तिथेच यायचे. ऐकीव सांगत नाही. मीही त्यातलाच होतो, आणि त्याची मला लाज वाटते.

धूम्रपानबंदीचं परिपत्रक आलं, तेव्हा साहेबांनी पाटी ठोकली आणि नोंदवही दिली मावशींच्या हातात. ज्याला पकडाल त्याची सही घ्यायची, सही नसेल तर नोंद ग्राह्य नाही! चोर कधी आपणहून सही करतो का? मावशी वही पुढे धरायच्या, लोक हसून पुढचा झुरका घ्यायचे. महिनाअखेर पानावर 'निरंक' लिहून वही साहेबांकडे जायची. ते फोनवर बोलता बोलता खाली सही ठोकायचे.

पुढे डॉक्टरांनी बजावलं, "त्या धुरातून उठा, नाहीतर जिवावर बेतेल." मावशींनी जागा बदलून मागितली. साहेबांनी अर्जावर शेरा मारला, 'नोंदवही निरंक असल्याने जिन्यात धूर नाही. सबब अर्ज निकाली.' वाचून माझं डोकंच फिरलं.

त्या महिन्यात 'निरंक'च्या जागी मावशींनी लिहिलं, 'साहेबांनी रोज तीन सिगारेटी जिन्यात ओढल्या.' साहेबांनी सवयीने सही केली.

तपासणीला आलेल्या बाईंनी ते पान सगळ्यांसमोर वाचलं.

"सही तुमचीच ना?"

"माझीच. पण मी वाचलं नव्हतं."

"आधीची पानं तरी वाचली होती का?"

पण शेवटी काय झालं? साहेबांना तोंडी समज, आणि मावशींना लेखी मेमो. वर शिक्षा म्हणून तळघरात, जुन्या फायलींच्या खोलीत बदली.

चार आठवड्यांनी मी खाली गेलो. म्हटलं, "मावशी, तुमच्यावर फार अन्याय झाला."

"असेल बाबा. पण काल तिसऱ्या मजल्यापर्यंत चढून पगाराच्या कागदावर सही करून आले. मधे एकदाही टेकले नाही." त्यांनी फायलींकडे हात केला. "इथं कुणी ओढत नाही. कागद पेटतील ना."

फायलींना जे न मागता मिळतं, ते मिळवायला मावशींना शिक्षा व्हावी लागली.