ग्रहावरची वाफ आपलीच निघाली

मंडळी, आज डोकं पार फिरलंय. घरून उठून सायबर कॅफेत येऊन बसलेय.

आठ महिने मी एका लांबच्या ताऱ्याजवळच्या, भट्टीसारख्या तापलेल्या वायूच्या ग्रहावर काम करतेय. त्याच्या हवेतून गाळून आलेल्या प्रकाशात मला पाण्याच्या वाफेची खूण सापडली. ते घरी सांगितलं, तिथेच चुकलं. बाबांनी इथे निजामपुऱ्यात आमच्या सोसायटीभर पेढे वाटले.

आज सकाळी माझ्या गाईड सरांनी एवढंच विचारलं, "ग्रह पळतोय, मग ही खूण जागची का हलत नाही?"

ग्रह ताऱ्याभोवती फिरतो, तशी त्याच्या प्रकाशातली खूणही थोडी मागे-पुढे सरकायला हवी. तपासलं, तर खरंच हलत नव्हती. वाफ ग्रहावरची नव्हतीच, दुर्बिणीवरच्या आपल्याच पृथ्वीच्या हवेतली होती. ती आधी वजा करायची असते, हे मीच ज्युनिअर मुलांना शिकवते! आणि मी या वाफेचं एका रात्रीचं माप सगळ्या रात्रींना लावून मोकळी झाले होते.

दुपारी घरी गेले, तर शेजारच्या हंसाबेन दारातच. "केम बेटा, आता तिथे राहायला जायचं ने?"

माझ्याआधी बाबाच म्हणाले, "फार गरम आहे हो. पण पाणी आहे!"

सरांसमोर चूक कबूल करायला दोन मिनिटं लागली. बाबांना मात्र न सांगताच इथे निघून आले.

वाटलेले पेढे कुणी परत घेतलेत का कधी? कसे?