विलासचे सकाळचे फोन

विलास गेल्याची बातमी माझ्यापर्यंत पहिल्यांदा आली ती एका कौतुकाच्या फोनमधून. ती बातमी आहे, हे मला कळलं नाही इतकंच. सकाळची वेळ होती. बिशानच्या आमच्या इंग्रजीच्या क्लासमध्ये मी एकटाच होतो आणि सगळ्या खिडक्या बंद होत्या. त्या दिवसांत सुमात्रातल्या जंगलांच्या आगीचा धूर समुद्र ओलांडून सिंगापूरवर येऊन बसला होता. समोरच्या इमारती दिसत नव्हत्या, दिवसासुद्धा दिवे लागलेले असत, आणि घशात सतत काहीतरी जळाल्याची चव. फोन मिसेस युन यांचा होता. आमच्या कोरियन विद्यार्थिनींपैकी सगळ्यात मेहनती बाई. त्या क्लासला कधी फोन करत नसत, पण आज त्यांना राहवलं नव्हतं. "टुडे व्हेरी डिफिकल्ट," त्या म्हणाल्या. "बट टीचर ॲक्टिंग व्हेरी, व्हेरी गुड. आय वॉज स्केअर्ड."

मी हसलो. खूश झालो, खरं म्हणजे. विलासला सांगावं म्हणून त्याला फोन लावला. घंटा नुसती वाजत राहिली. पुन्हा लावणार तेवढ्यात माझाच फोन वाजला. विलासची बायको, संघमित्रावहिनी. ऑफिसचा पास घरी राहिला म्हणून त्या अर्ध्या वाटेवरून परत आल्या होत्या. "भाऊजी, हे खाली पडलेत," त्या म्हणाल्या. "हातात फोन आहे... आणि बोलत नाहीत."

विलास नागपूरचा. पुण्याला एमएला असताना आम्ही एका खोलीत राहिलो. तिथे त्याच्या "येऊन राहिलो", "करून राहिलो"वर आमची अख्खी मेस हसायची. तो चिडायचा नाही. म्हणायचा, "मी येऊन राहिलो म्हटलं का मी रस्त्यात असतो बे. तुम्ही पुणेकर येतो म्हणता, तवा घरी लोळत असता." बोलण्यावरून माणसाला हसणारे लोक त्याने जवळून पाहिले होते. म्हणून की काय, पण कोणाचंही बोलणं त्याला चूक वाटत नसे. ते कुठलं आहे, एवढंच तो विचारायचा. पुढे तो नागपूरला कॉलेजात इंग्रजी शिकवू लागला, मी नोकरीसाठी सिंगापूरला आलो, आणि काही वर्षांनी वहिनींना इथल्या विद्यापीठात संशोधनाची नोकरी मिळाली तेव्हा तोही आला. मी नोकरी सोडून क्लास काढला होता. पहिला शिक्षक म्हणून त्यालाच घेतला.

आमच्याकडे यायच्या त्या बहुतेक कोरियन आया. नवरा तिकडे नोकरीत, आणि मुलांच्या शाळेसाठी ही बाई इथे एकटी. त्यांना हवं असायचं अमेरिकन इंग्रजी. दारात आमचे चेहरे पाहून काहीजणी नम्रपणे वाकून परत जायच्या. विलास म्हणाला, "अबे, या बायांना अमेरिकन भेटणार कुठं? टॅक्सीवाला अंकल भेटणार, शाळेतली मद्रासी क्लार्क भेटणार, शेजारची ऑस्ट्रेलियन बाई भेटणार. त्यांचं इंग्रजी शिकवू." त्यातून सकाळचे फोन सुरू झाले. रोज दहा मिनिटं, रोज वेगळा माणूस. विलास घरून फोन करायचा आणि कधी इथल्या खाऊगल्लीतला, हॉकर सेंटरमधला चहावाला व्हायचा, "कॅन, कॅन, नो प्रॉब्लेम लाह" म्हणणारा, कधी दवाखान्यातली ब्रिटिश बाई, जी "यू ऑल राइट?" विचारते पण जिला उत्तर नको असतं, कधी "व्हॉट इज युवर गुड नेम" विचारणारा आपलाच कोणी काका.

पद्धत त्याची, नियम माझे. शिक्षकाने सोंग सोडायचं नाही. विद्यार्थिनीने कोरियनमध्ये जायचं नाही, फोन ठेवायचा नाही, आणि काही कळलं नाही तर समोरच्याचे शेवटचे शब्द जसे ऐकू आले तसेच परत म्हणायचे. म्हणजे समोरचा माणूस ते पुन्हा, दुसऱ्या शब्दांत सांगतो. मिसेस युन यात पटाईत झाल्या. त्यांचं व्याकरण कच्चं होतं, पण कान असा की शब्दाबरोबर चालसुद्धा उचलायच्या. एकदा क्लासमध्ये त्यांनी आनंदाने सांगितलं होतं की खालच्या मजल्यावरची चिनी आजी त्यांना "ईट ऑलरेडी?" विचारते, आणि त्यांच्या गावी त्यांची आईही भेटल्याबरोबर हेच विचारते. विलास म्हणाला, "माझी मायही हेच विचारते." मग मराठीत माझ्याकडे वळून, "फक्त पुण्यातच इचारत नाहीत." मिसेस युन काहीच न कळता आमच्याबरोबर हसल्या.

तेवढ्यावर राहिलो असतो तर... पण एका विद्यार्थिनीचा मुलगा घरात पडला, रक्त आलं, आणि ॲम्ब्युलन्सला फोन लावून तिच्या तोंडून शब्द फुटेना. तिने येऊन सांगितलं की असंही शिकवा. मला ते एकदम पटलं. मी विलासला संकटाचे फोन करायला सांगितले. शेजारी जिन्यावरून पडलाय, अंकलच्या छातीत दुखतंय. घाबरलेला माणूस प्रत्येक प्रांतात वेगळं बोलतो, तेही कळलं पाहिजे. त्याने केले. एकदा क्लासमध्ये नमुना म्हणून दम लागलेला म्हातारा केला, तेव्हा शेजारच्या दुकानातली मुलगी धावत आली. मी टाळ्या वाजवल्या.

त्याला मात्र ते आवडेना. "हे बंद कर ना यार," तो एकदा म्हणाला. "आमच्या घरात शकुन-अपशकुन कोणी मानत नाही, तुला माहीत आहे. पण फोन ठेवला का मला घाम येते."

"तुला घाम येतो म्हणजे त्यांनाही येत असणार," मी म्हणालो. "चांगलंच आहे."

त्यानंतर धूर आला. सगळं शहर खोकत होतं, मास्क लावून फिरत होतं. त्यामुळे विलासला दम लागतोय हे कोणाला वेगळं दिसलं नाही. की दिसलं होतं? शेवटच्या भेटीत तो क्लासचा जिना चढून आला आणि दारातच कठड्याला धरून उभा राहिला. चेहरा राखेसारखा. डावा खांदा दाबत म्हणाला, "गॅस झाला वाटते." त्याच्या श्वासाचा आवाज खोलीत ऐकू येत होता. आणि मी, त्याचा वीस-पंचवीस वर्षांपासूनचा मित्र, त्याला म्हणालो, "हा आवाज लक्षात ठेव. उद्याच्या फोनला कामाला येईल." तो हसला. हसताना पुन्हा थांबला. मी त्याला बसायला खुर्चीसुद्धा दिली नाही.

अंत्यविधीनंतर त्यांच्या पुंगोलच्या फ्लॅटमध्ये आपली चार-पाच कुटुंबं जमली, त्रिशरण-पंचशील झालं. लोक निघाल्यावर वहिनींनी मला थांबवलं. "शेवटचा फोन कोणाला चालला होता, भाऊजी? त्या बाईंशी काही बोलले असतील ना? मला काहीही चालेल. नुसतं ‘अरे’ म्हणाले असतील तरी." मी म्हणालो, बघतो. बघण्यासारखं काही नव्हतं. कोणाला होता ते मला त्या सकाळपासूनच माहीत होतं.

मी मिसेस युनना काही विचारलं नाही. सगळ्या विद्यार्थिनींना विलास सर अचानक गेले एवढंच सांगितलं होतं. दिवस, वेळ, काही नाही. विचारलं तर त्यांना कळणार होतं की त्या सकाळी त्या कशाला दाद देत होत्या. परक्या शहरात मुलासोबत एकट्या राहणाऱ्या बाईवर हे टाकायचं? आणि नाही टाकलं तर वहिनी रोज वाट पाहणार. आठवडे गेले. पावसाने धूर धुऊन नेला, पण माझ्या घशातली ती चव गेली नाही. रविवारी वहिनी फोन करायच्या, दुसरंच काहीतरी बोलायच्या आणि शेवटी विचारायच्या, "काही कळलं?" मी खोटं बोलायचो.

शेवटी मिसेस युन स्वतःच आल्या. समोर बसल्या, पर्स मांडीवर घट्ट धरून. त्या दिवशीचा धडा त्यांना अजून समजला नव्हता, असं त्या म्हणाल्या. आधी टीचर ऑस्ट्रेलियन शेजारी होते. मग आवाज बदलला, दम लागला. त्यांनी शिकल्याप्रमाणे विचारलं, तुम्ही कुठे आहात, घाबरू नका, मी मदत बोलावते. पण त्यापुढचं इंग्रजी त्यांना कळलंच नाही. म्हणून नियमाप्रमाणे त्यांनी ते परत म्हटलं. टीचर पुन्हा तेच बोलले. त्यांनी पुन्हा परत म्हटलं. असं काही वेळा झालं. मग शांतता. दहा मिनिटं संपली म्हणून त्यांनी "थँक यू, टीचर" म्हटलं आणि फोन ठेवला.

"विच रीजन?" त्यांनी विचारलं, म्हणजे हे कुठल्या प्रांताचं इंग्रजी. आणि डोळे मिटून, श्वासासकट, त्या म्हणाल्या, "मित्रा... दार उघड वं."

तो ‘वं’ विलासने पुण्यात कधी वापरला नव्हता, माझ्यासमोरही नाही. तो घरातला होता, बायकोपुरता; आणि मित्रा म्हणजे संघमित्रा. मिसेस युन माझ्याकडे पाहत होत्या. मी उत्तर द्यायच्या आधीच त्यांना उत्तर कळलं असावं, कारण त्यांनी दोन्ही हात हळूच तोंडावर नेले. मग मी सगळं सांगितलं. नियम माझे होते, चूक तुमची नव्हती, हेही सांगितलं. ते त्यांनी ऐकलं की नाही, माहीत नाही. मग त्यांनी एवढंच विचारलं, मित्रा कोण?

दुसऱ्या दिवशी मी त्यांना पुंगोलला घेऊन गेलो. वाटेत एलआरटीच्या छोट्या ट्रेनमध्ये त्या ओठ हलवत होत्या. मला वाटलं प्रार्थना असेल. वहिनींनी दार उघडलं, मिसेस युन कमरेत वाकल्या आणि बराच वेळ वर आल्याच नाहीत. वहिनींनीच त्यांना खांद्याला धरून आत नेलं, बसवलं. मी काहीतरी प्रस्तावना करू लागलो तर वहिनी म्हणाल्या, "तुम्ही नका बोलू, भाऊजी."

मिसेस युन बोलल्या.

वहिनींनी मान वळवली. बाल्कनीच्या काचेच्या दाराकडे पाहत म्हणाल्या, "धूर येतो म्हणून सकाळी मीच लावून गेले होते. ते घट्ट बसतं. यांना कधी उघडता येत नसे." मी खाली पाहिलं. हे मी त्यांना आणून दिलं होतं. हेही. मग त्या मिसेस युनच्या अगदी समोर सरकून बसल्या, आणि मला म्हणाल्या, "तुम्ही जरा बाहेर थांबता का?"

मी कॉरिडॉरमध्ये जाऊन उभा राहिलो. दार त्यांनी आतून लोटून घेतलं. खाली मुलं सायकली फिरवत होती, समोरच्या घरी कोणीतरी मासे तळत होतं. आतून मिसेस युनचा आवाज आला, त्याच चालीत, त्याच ठिकाणी थांबून. मग पुन्हा. मग पुन्हा. मी निघून जायला हवं होतं, पण पाय निघेनात. थोड्या वेळाने दुसरा आवाजही त्यात मिसळला, आणि ते वाक्य दोघींपैकी कोण कोणाला म्हणतंय, हे मला बाहेरून ओळखता येईना.