मोठ्या बाबांचे कान वाजले तेव्हा

आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिला. वडील उमरेडला हातमागावर लुगडी विणायचे. मॅट्रिकनंतर त्यांनी मला नागपूरला त्यांच्या थोरल्या भावाकडे, म्हणजे माझ्या मोठ्या बाबांकडे ठेवलं. तेही विणकरच. एकच लांब खोली, तिच्यात माग आणि मागाच्या पलीकडे माझी पथारी. परीक्षेच्या दिवसांत मी दुपारी वाचायला बसलो की मोठे बाबा माग थांबवून गांधीबागेतल्या व्यापाऱ्याकडे तयार लुगडी द्यायला जायचे. द्यायला लुगडी नसली तरी जायचे. हे मला फार उशिरा कळलं.

ते अगदी कमी बोलत. त्यांच्या वाट्याचंही त्यांची बायको, माझी मोठी आईच बोलायची.

सत्तरच्या दशकाच्या मध्यावर मी शहरातल्याच एका दवाखान्यात सर्जरी विभागात हाउसमन, म्हणजे शिकाऊ डॉक्टर झालो. मोठ्या बाबांच्या पाठीवर, मानेच्या खाली, चरबीची गाठ होती. दुखत नव्हती, पण मुठीएवढी वाढली होती आणि सदऱ्यातून दिसायची. आमच्या विभागाच्या मोठ्या सरांकडून काढून घेऊ, असं मी सुचवलं.

"सर काहून?" ते म्हणाले. "तू काय तिथं नुसत्या पट्ट्या बांधतं?"

मोठी आई चुलीपाशी हसली. "त्याचे हात थरथरून राहिले असन, जाऊ द्या."

"तूच काढ," मोठे बाबा म्हणाले, आणि उठून मागावर जाऊन बसले.

तेवढीच जागा सुईने बधिर करून काढता येईल अशी ती गाठ होती. असल्या आठ-दहा मी काढल्या होत्या. बधिर करायचं औषध दोन टक्क्यांचं यायचं. मोठ्या जागेला वापरायचं तर त्यात सलाइन घालून पातळ करायचं आणि माणसाचं वजन पाहून किती द्यायचं ते आधीच ठरवायचं, हे सरांनी आम्हाला पहिल्याच आठवड्यात शिकवलं होतं. मोठे बाबा जेमतेम बेचाळीस किलोंचे असतील. मी औषध पातळ केलं नाही. पातळ केलं आणि त्यांना दुखलं तर? पहिल्या सुईला त्यांची पाठ आक्रसली, तेव्हा मी आणखी भरून घेतलं. गाठीच्या चारी बाजूंनी दिलं, खालूनही दिलं. माझ्या हातून त्यांना जराही दुखू नये, एवढंच डोक्यात होतं.

थिएटरमधल्या टेबलावर ते पालथे निजले होते, तोंड एका बाजूला. थोड्या वेळाने ते बोलायला लागले. लहानपणी ते आणि माझे वडील गावच्या तळ्यात पोहायला पळायचे ते सांगितलं. मग लग्नाचं निघालं.

"तुही मोठी आई तीन दिवस बोलली नाही गा माह्यासंग. तवाचं आतापर्यंत भरून काढून राहिली."

सिस्टर हसल्या, मीही हसलो. इतकं बोलताना मी त्यांना जन्मात ऐकलं नव्हतं. माझ्यापाशी आल्यामुळे त्यांची भीती गेली, असं वाटून मला बरं वाटलं.

"जिभेले कसंतरीच लागून राहिलं," ते म्हणाले. "तांब्याचं भांडं चाटल्यावानी."

"सकाळपासून पोटात काही नाही तुमच्या."

"अन् कान वाजून राहिले."

दुसरा कोणी डॉक्टर इथे थांबला असता. औषध रक्तात जास्त गेलं तर ओठांना मुंग्या येतात, जिभेला धातूची चव येते, कान वाजतात, माणूस उगाच बडबडतो आणि मग झटके येतात, हे मी तोंडी परीक्षेत न अडखळता सांगितलं होतं. पण मी विणकराचा मुलगा. आमच्यात चाळिशी उलटलेल्या जवळजवळ प्रत्येकाचे कान वाजतात. मागाचा धोटा दिवसभर इकडून तिकडे आपटतो, तो आवाज जेवतानाही डोक्यातून जात नाही. घरी त्याकडे कोणी लक्ष देत नसे.

"ते तर तुमचे रोजच वाजतात," मी म्हणालो आणि चाकू उचलला.

"हो, पण आज..."

पुढचा शब्द जिभेवर अडकला. आधी ओठ उडायला लागले, मग सगळं अंग.

सिस्टरनी मला हाताने बाजूला सारलं. चौघांनी मिळून त्यांना उताणं केलं. शेजारच्या थिएटरमधून भूल देणाऱ्या मॅडम धावत आल्या. त्यांनी जबडा वर उचलून मास्क बसवला आणि पिशवी दाबून ऑक्सिजन द्यायला सुरुवात केली.

"किती दिलंस?"

मी आकडा सांगितला. त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि झटके थांबवायचं औषध शिरेतून दिलं. झटके थांबले, पण नाडी लागेना. मी छाती दाबत राहिलो. त्यांच्या बरगड्या माझ्या तळव्यांना एकेक जाणवत होत्या. नाडी परत आली, पण फार उशिरा आली; तोवर मेंदूला इजा झाली होती. आमचा माणूस परत मिळाला तो त्या मॅडममुळे, आणि जेवढा मिळाला तेवढाच.

सरांनी सगळ्यांसमोर विचारलं, मी सगळ्यांसमोर खरं ते सांगितलं. त्यानंतर आजतागायत सुई देताना मी पेशंटला बोलतं ठेवतो, आणि तो काय म्हणतो ते ऐकतो.

महिन्याभराने मोठे बाबा घरी आले. मागावर बसवलं की त्यांचा हात तुटलेल्या धाग्यापर्यंत जायचा आणि तिथे काय करायचं ते विसरायचा. काल कोण आलं, सकाळी काय खाल्लं, काही राहत नसे. एकच गोष्ट पक्की बसली होती. वॉर्डात त्यांना कोणीतरी सांगितलं होतं, पुतण्याने छाती दाबून दाबून तुम्हाला जगवलं. ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे, "माह्या पोरानं वाचवलं मले."

मला ते सहन होईना. एका रविवारी त्यांच्यासमोर बसून मी सगळं सांगितलं. औषध जास्त मी दिलं, कान वाजतात म्हणालात ते मी ऐकलं नाही. ते घाबरले, रडले. "मंग मी मरून राहिलो होतो काय?" असं पुन्हा पुन्हा विचारत राहिले. पुढच्या रविवारी गेलो तर ते शेजाऱ्याला सांगत होते, पोरानं वाचवलं. मी पुन्हा सांगितलं. ते पुन्हा पहिल्यासारखे रडले.

तिसऱ्या खेपेला मी बोलायला लागलो तशी मोठी आई सुताच्या कांड्या भरता भरता थांबली.

"पहिल्या खेपेस ऐकलं मी. दुसऱ्या खेपेसही ऐकलं. त्यायच्या ध्यानात राहत नाही अन् तू दरवेळेस त्यायले रडवतं. आता कोणासाठी सांगून राहिला गा?"

 तेवढ्यात सूत रंगवणारा एक ओळखीचा दारात आला. मोठ्या बाबांचा चेहरा उजळला.

"हा माहा पोरगा. यानं वाचवलं मले."

"नशीबवान आहा तुम्ही," तो म्हणाला आणि मोठ्या आदराने माझ्याकडे पाहू लागला.

मी मोठ्या आईकडे पाहिलं. ती खाली मान घालून कांडी भरत होती.

"हो," मी म्हणालो.