एका इंजिनात दोघांचं तेल

माझं गाड्यांच्या सुट्या भागांचं दुकान आहे. माझ्या तोंडात तीळ भिजत नाही असं सगळी गल्ली म्हणते, आणि ते खरंच आहे. आयुष्यात एकदाच मी तोंड बंद ठेवलं, तेही समोरच्या अण्णांच्या बाबतीत. माझ्या त्या एका शहाणपणापायी म्हाताऱ्याचे तीन आठवडे गाडीखाली गेले.

अण्णा एकतीस वर्षं पाण्याच्या पंपघरात पंपचालक होते. यंत्राच्या बाबतीत नाकावर माशी बसू देत नाहीत. पंपघरात त्यांचा एकच नियम होता: पाळी सुरू होताना तेल, पाळी संपताना तेल. यंत्र उपाशी ठेवायचं नाही. घरी आल्यावर हाच नियम त्यांनी शिवणयंत्रापासून दाराच्या बिजागरीपर्यंत सगळ्यांना लावला. एकुलता एक मुलगा चार वर्षांपूर्वी आजारपणात गेला. आता घरात अण्णा आणि सूनबाई, दोघंच. ती चौदा किलोमीटरवरच्या इस्पितळात नर्स आहे. तिच्या येण्याजाण्यासाठी त्यांनी एक जुनी मोटरसायकल घेतली. अण्णांनी इंजिनाला कान लावून ती पास केली होती, आणि ते कुणी विसरू नये याची काळजीही घेतली होती.

महिन्याभरात इंजिनाखाली तेल गळायला लागलं. तेल कमी होऊन गाडी दोनदा वाटेत तापून बंद पडली, आणि दोन्ही वेळा सूनबाई कामावर उशिरा पोचली. मोठ्या सिस्टर तिला म्हणाल्या, "इथे आवारात खोली रिकामी आहे. महिनाअखेरपर्यंत काय ते सांग."

अण्णांनी हे मला सांगितलं ते माझ्या दुकानात, झाकणाच्या सांध्यात बसवायच्या नव्या गॅस्केटकडे बघत. "मुलगाच राहिला नाही, तर सून कशाला राहील?" ते म्हणाले. "गाडी धड असली तर राहील कदाचित. तेवढंच माझ्या हातात आहे."

मी गॅस्केट कागदात गुंडाळून दिलं.

त्या रविवारी त्यांनी क्लचच्या बाजूचं झाकण उघडलं. जुन्या गॅस्केटचे तुकडे ब्लेडने खरवडून काढले, दोन्ही कडा पुसून कोरड्या केल्या, नवीन गॅस्केट बसवलं आणि बोल्ट समोरासमोरचे थोडेथोडे करत आवळले. मी मेकॅनिक पुष्कळ पाहिलेत. निम्म्यांना अण्णांच्या हाताखाली पाठवायला हवं.

आठ दिवस गाडी कोरडी होती. मग पुन्हा थेंब. कधी हवेच्या नळीतून, कधी गिअरच्या दांड्यापाशी. अण्णांनी बाहेरचं सील बदललं, बोल्ट पुन्हा आवळले, सांध्यांवर गळती थांबवायचा मसाला फासला. क्लचचं झाकण मात्र पुन्हा उघडायला तयार होईनात. "ते काम मी स्वतः केलंय," ते म्हणायचे. पुढे बोलणं खुंटलं.

पण दुरुस्ती झाली त्याच संध्याकाळी ते माझ्याकडून तेलाची बाटली घेऊन गेले होते. "संध्याकाळी ती आली की थोडं घालतो," ते हळूच म्हणाले. "तिला सांगू नका. इंजिन वाटेत जाम झालं तर पोर पडेल."

दोन दिवसांनी सूनबाई आली. "काका, एक बाटली द्या. सकाळी निघताना मी थोडं घालते, आणि खाली थेंब दिसलेच तर पुसून टाकते. अण्णांना बोलू नका. आपलं काम फसलं असं वाटलं की ते जेवत नाहीत."

मला गहिवरून आलं. काय ही माणसं, असं मनात म्हणत मी दोघांचीही गुपितं सांभाळली. दोन बाटल्या आणि एक इंजिन, हे शेंबड्या पोराच्याही लक्षात आलं असतं. तेल मोजायची पट्टी असते गाडीला. पण अण्णा तिला मानत नाहीत, आणि सूनबाई अण्णांना मानते.

महिन्याच्या शेवटच्या दिवशी अण्णांनी हात टेकले. सूनबाईची सुट्टी होती, ती आत होती. "झाकण उघडतो," ते मला म्हणाले. "माझंच चुकलं असणार." त्यांचा तो पडलेला चेहरा मला बघवेना. मी नवीन गॅस्केट घेऊन त्यांच्या अंगणात जाऊन बसलो.

त्यांनी खाली पातेलं ठेवलं आणि तळाचा बोल्ट काढला. एक लिटर तेलाची गाडी. तसं इंजिनावरच कोरलेलं आहे. तेल यायला लागलं ते थांबेचना. पातेलं भरलं. अण्णांनी घाईघाईने बादली सरकवली. सगळं मिळून दोन लिटरला थोडंच कमी निघालं.

"हे आलं कुठून?" अण्णा म्हणाले.

सूनबाई ओल्या हातांनी बाहेर आली. तिने बादलीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. अण्णांनीही माझ्याकडे पाहिलं. मी एका दमात सगळं ओकलो.

अण्णांनी झाकणातल्या गॅस्केटच्या कडेवरून बोट फिरवलं. बोट कोरडं होतं. "त्याच रविवारी झाली होती की दुरुस्त," ते स्वतःशीच म्हणाले. "पुढे आपणच कोंबत राहिलो, आणि जास्तीचं मिळेल त्या वाटेने बाहेर येत राहिलं. अति तिथे माती."

मग तिच्याकडे न बघता म्हणाले, "सूनबाई, मला गाडीची भीती नव्हती. तू खोली घेशील याची होती."

"ती नको म्हणून मी मोठ्या सिस्टरना पहिल्याच आठवड्यात सांगितलंय."

"मग मला बोलली का नाहीस?"

"कधी बोलणार? तुमचं डोकं सदा गाडीखाली."

मी हसलो. ते दोघं हसले नाहीत, म्हणून मीही गप्प झालो.

अण्णांनी बोल्ट लावला आणि मापात एक लिटर तेल ओतून घेतलं. सूनबाईने नरसाळं धरलं. तेल सावकाश आत गेलं.

"आणि परत वाटेत बंद पडली तर?" अण्णांनी विचारलं.

"चालत येईन."

"चौदा किलोमीटर?"

"उशीर होईल. माझं ताट झाकून ठेवा, आणि तुम्ही जेवून घ्या."

"मी थांबेन," अण्णा म्हणाले.