कॅलिपर बाहेर ठेवा

चपलांच्या रॅकसमोर मला थांबवलं. माझ्या डाव्या पायात कॅलिपर आहे. मांडीपासून बुटापर्यंत लोखंडी पट्ट्या. लहानपणी पोलिओ झाला, तेव्हापासून त्याच्याशिवाय मला उभं राहता येत नाही. मॅनेजर म्हणाला, "मॅडम, चप्पल-बूट बाहेर. रूल सगळ्यांना सेम आहे."

ठाण्यात कोलशेतकडच्या एका मोठ्या सोसायटीचं ते क्लबहाउस. अपंगांसाठी त्यांनी पोहण्याची बॅच काढली होती. मंगळवारी दुपारी दोनला, मेंबर लोक पोहायला नसतात तेव्हा. शिकवायला मला बोलावलं, कारण मी खाडीकाठची. बापाने मला धड चालता यायच्या आधी पोहायला शिकवलं. माजिवड्याला झेरॉक्सच्या दुकानात स्टुलावर बसणारी मी, कुणी शिकवायला बोलावतंय म्हटल्यावर हुरळून गेले.

रॅकपासून पाण्यापर्यंत नुसत्या ओल्या फरशा. धरायला काही नाही. मी कॅलिपर काढला, लोकांच्या सँडलांमध्ये ठेवला आणि हातांवर जोर देत सरपटत गेले. काचेपलीकडे दोन बायका कॉफी पीत होत्या. एकीने फोटो काढला. मी काठाशी पोचल्यावर दोघींनी टाळ्या वाजवल्या. आणि मी, मूर्ख बाई, मान वळवून त्यांना थँक्यू म्हणाले.

संध्याकाळी तो फोटो फिरत फिरत माझ्याच फोनवर आला. खाली लिहिलेलं, याला म्हणतात जिद्द. त्याखाली हात जोडलेल्या इमोजींची रांग. कसली जिद्द? मला लाज वाटत होती आणि ती गिळून मी पुढे सरकत होते. तरी गप्प बसले. बोलले तर बॅच बंद पडेल, ही भीती.

पुढच्या मंगळवारी तन्वीचा पहिला दिवस होता. नऊ वर्षांची, दोन्ही पायांना कॅलिपर. आईबरोबर पार शहाडहून आलेली. कुणी काही सांगायच्या आत ती रॅकपाशी खाली बसली आणि पट्टे सोडायला लागली. मी म्हटलं, थांब जरा, मी विचारते. ती हसली.

"मावशी, मला येतं. तुमचा फोटो बघून घरी प्रॅक्टिस केलीये."

आठवडाभर ही पोरगी घरातल्या लादीवर सरपटायचा सराव करत होती. पोहायला शिकवायच्या आधी मी तिला हे शिकवलं होतं. अंगाची लाही लाही झाली. राग मॅनेजरचा नंतर आला, आधी माझाच आला.

मी तिचे पट्टे परत आवळले. तिला उभं केलं. कॅलिपर घालून, एकमेकींना धरून, दोघी थेट काठापर्यंत चालत गेलो. मॅनेजर मागून धावत आला. फरशा खराब होतील, इन्फेक्शन होईल, कमिटी मला विचारेल, सगळं बोलून झालं त्याचं.

मी म्हटलं, "हे बूट नाहीत, आमचे पाय आहेत. तुमचे मेंबर पाय बाहेर ठेवून येतात का?"

काठावर बसून पट्टे सोडले आणि तन्वी वीस मिनिटं पाण्यात होती. दुसऱ्या दिवशी मेसेज आला, मेंटेनन्समुळे बॅच बंद.

मग तन्वीच्या आईचा फोन आला. "तुमच्या मानापायी माझ्या पोरीचं पोहणं गेलं." ती खोटं बोलली असं मी म्हणणार नाही.

पण कमिटीला मी अर्ज दिला आहे. दुपारची वेगळी बॅच नको. सकाळी सातची द्या, मेंबरांच्या मुलांबरोबरची. कॅलिपर काठापर्यंत येतील, आणि ते काढायला काठावर एक खुर्ची ठेवा. अजून उत्तर नाही. म्हणून दुकान उघडायच्या आधी, रोज सातला, मी गेटवर उभी असते. वॉचमन नजर चुकवतो. येणारे-जाणारे विचारतात, कुणाला भेटायचंय? मी सांगते, पोहायला आलेय.

उद्याही जाणार. तन्वीची आई माझ्याशी कधीच बोलली नाही तरी जाणार. ती पोरगी पाण्यापर्यंत चालतच जाईल. सरपटायला मी तिला पुन्हा शिकवणार नाही.